गोल जाहलेला कोट पुन्हां लांब केला त्याची हकीकत

श्री. जें डोळ्यांस दिसत नाहीं तेंही ज्याचे गणतींत आहे, त्यास दंडवत घालोन लिहिलें ऐसें जे: शके अठराशें अठ्याहत्तर, दुर्मुखनाम संवत्सर, श्रावणमास, प्रहर दिवस आला ते समयीं ओल्या गवताचे काडीवर एका जंतूचें राज्य होतें. कोट दंडाकार, इतका लहान कीं सुईचे अग्रावर ऐसे शेंकडों मावावे, परंतु तोरा दिल्लीच्या तख्ताचा. मध्यभागीं महाराज वेटोळें घालोन बैसत, आणि आंत पाण्याचा रेटा ऐसा कीं तट क्षणभर ढिला पडला तरी राज्य फुटावें. मग तटाचें काम कोणाकडे, तर धारकोजी गवंडी यांजकडे. जिभेनें तिखट, हातानें गोड. रीत ऐसी कीं दोरीवाले कोटाचे घेराभोंवतीं दोरी धरीत, आणि गवंडी दोरीबरहुकूम आंतून नवें कडें बसवीत, आणि मग होनाजी बेलदार बाहेरून जुनें कडें तोडीत. कड्यांनीं पोट आवळलेलें राहे, म्हणोन रेट्यानें कोट लांबे, परंतु सुटेना. पुरता लांबला कीं कमरेंत भिंत घालोन एकाचे दोन कोट करावे, येणेंच त्यांचा वंश चाले.

ऐसियांत शेजारचे बुरशीनें वीख सोडिलें. तें गवंड्यांचे हातांस चिकटोन हात आखडले आणि नवें कडें बसेना. होनाजी बाहेरचे अंगास, आंत डोकावण्याची संवयच नाहीं, ते आपले तोडीतच चालले, आणि तट जागोजाग पातळ जाहला. धारकोजींनीं धांवत जाऊन त्यांचा हात धरिला आणि बोलिले, "होनाजी, पुरे करा. आंत कोणी बांधीत नाहीं." होनाजींनीं पाहिलें आणि हातांतील पहार खालीं ठेविली. पुढें वीख तोडणारे शिपाई होते, त्यांनीं विखाचे तुकडे केले, आणि बुरशी हात चोळीत राहिली; परंतु तोंवर कोट फुगोन लाडवासारखा गोल जाहला.

गोल कोटांत सर्व बाजू सारख्या. घेर कोणता आणि लांबी कोणती हें दोरीवाल्यांस उमजेना. कोणी उभे, कोणी आडवे, कोणी तिरपे धांवत, आणि गवंडी बांधीत तें गोलच बांधीत. त्यांत एकाचे दोन होण्याचा मुहूर्त टळूं नये म्हणोन महाराजांनीं आपली हुबेहूब प्रत सिद्ध केली. एका कोटांत दोन महाराज, दोघांचेही हुकूम, आणि भिंत घालावी तर कंबर कोठें? जन्म बांधण्यांत गेला आणि वंश आपले हातीं बुडतो, ऐसें मनीं येऊन धारकोजींचा जीव थोडा थोडा जाहला, आणि ते उघड रडले.

मग त्यांची नजर काडीचे चिरेवर गेली. चीर अरुंद, जुन्या कोटाचे रुंदीएवढी. धारकोजी हुजूर जाऊन बोलिले, "स्वारी चिरेंत घालावी. बाहेरून दाबलों म्हणजे वळण कोणीकडे हें दोरीवाल्यांस आपसूक कळेल."

थोरले महाराज बोलिले, "आणि तट फुटला तर?"

"तर एकदांच फुटला, महाराज. ऐसेच गोल राहिलों तर पळापळानें फुटणें आहे."

धाकटे महाराज बोलिले, "गवंडी खरें बोलतो."

मग कोटाबाहेर वल्हीं मारोन कोट हांकणारे वल्हेकरी होते, त्यांस हुकूम जाहला आणि कोट कण्हतकुंथत चिरेंत शिरला आणि तट करकरला. परंतु दाब बसतांच एक दोरीवाला वळला, मग दुसरा वळला, मग अवघे वळोन घेराभोंवतीं लागले. गवंड्यांनीं कडें बसविलें, होनाजींनीं आंत डोकावोन मगच तोडिलें, आणि कड्यामागें कडें बसत कोट चिरेचे तोंडांतून बाहेर निघाला तो दंडासारखा सरळ. मोठी फत्ते जाहली. धारकोजी त्या दिवशीं कोणास एक वांकडा शब्द बोलिले नाहींत.

मग कंबर सांपडली, आणि कमरेंत दुहेरी भिंत उठली, आणि एक महाराज इकडे, एक तिकडे विराजले. धारकोजी एके अंगास आणि होनाजी दुसरे अंगास राहिले. दोन्ही भिंतींमधील सांधा तेवढा तोडणें बाकी, आणि होनाजींचा हात चालेना. धारकोजी पलीकडून बोलिले, "बांधून पुरें जाहलें आहे, बाबा. मीं हात लावून पाहिलें. आतां तोडावें." होनाजींनीं डोळे पुसोन तोडिलें.

सारांश, एक राज्य जावयाचें होतें त्याचीं दोन जाहलीं. धारकोजी आणि होनाजी यांची पुढें भेट जाहली नाहीं. सायंकाळपावेतों काडीवर हजारों कोट नांदते जाहले, आणि त्यांत गोल एकही नव्हता.