मुळ्यावरचा दगड

तात्सुजी सकाळी भावाच्या घरामागच्या शेडमध्ये शिरला, तेव्हा टेबलावर दगड नव्हता. चांगला पाटाएवढा दगड, उचलताना कंबर धरायला लावणारा, पाय फुटल्यासारखा नाहीसा झाला होता.

दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि त्याचे कागदावर ठसे घ्यायचे, हा तात्सुजीचा जन्मभराचा उद्योग. थोरला भाऊ सेइझो शामिसेन या तीन तारांच्या वाद्याचा नावाजलेला वादक आणि धाकट्याच्या कलेला ‘डाग पाडणं’ म्हणणारा. त्याच शामिसेनच्या सुरांवर तात्सुजीने सहा चित्रांची मालिका केली होती. त्यात ना माणूस ना झाड, नुसत्या रेघा आणि काळोख. पाच छापून झाली होती, सहावं अजून दगडावर होतं, आणि सेइझो आत शेवटच्या घटका मोजत होता. त्याच्या तोंडून मरण्यापूर्वी एकदा ‘बरं आहे’ ऐकावं, एवढीच तात्सुजीची इच्छा होती.

“वहिनी, माझा दगड?”

“तो होय? मुळ्यावर ठेवलाय,” तोमिए वहिनी म्हणाल्या. “माझा कालच फुटला. लोणचं दाबायला वजन नको का?”

“त्यावर चित्र होतं!”

“चित्र? काळं लागलं होतं खरं. पण घाबरू नका, चांगला सोडा लावून घासला मी.”

दोघांनी लोणच्याच्या पिंपावरून दगड उतरवला. सोड्यातून जे वाचलं होतं, त्यातलं बहुतेक रात्रभर मिठाने आणि व्हिनेगरने खाल्लं होतं. तात्सुजी मटकन खाली बसला आणि लगेच ताडकन उठला.

“वहिनी, त्या दगडाला मी ॲसिड लावतो! लोणचं फेका आधी!”

“फेकू काय? यांनी वाटीभर खाल्लं की आत्ताच. आठवडाभर पेज उतरत नव्हती घशाखाली.”

तात्सुजी धावत आत गेला. सेइझो कुरूम कुरूम मुळा चावत होता.

“दादा, थुंक! विष असेल त्यात!”

“डॉक्टर म्हणतो, दोन दिवस. विषाला तरी कुठे सवड आहे?”

आता थांबण्यात अर्थ नव्हता. तात्सुजीने पाचही चित्रं अंथरुणाभोवती मांडली. सेइझोने मान वळवून एकेक पाहिलं.

“हे काय?”

“तुझं वाजवणं.”

“असं वाजवत होतो? आणि लोक उठून जात नव्हते?”

“दादा, नीट बघ ना रे.”

“नंतर बघतो. आधी मुळा आण. तोमिए, जन्मात पहिल्यांदा लोणचं जमलंय तुला!”

ते ‘नंतर’ काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सेइझो गेला. डॉक्टरांनी म्हातारपण म्हटलं, आणि मुळ्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. तात्सुजी रडला, पण दुःखापेक्षा त्याला राग जास्त आला होता.

अंत्यविधी उरकल्यावर वहिनी शेडच्या दारात आल्या.

“भाऊजी, तो दगड द्याल? एकोणपन्नास दिवसांचा दुखवटा, तोवर रोज यांच्या फोटोपुढे लोणच्याची वाटी ठेवायची. मी दुसरा दगड ठेवून पाहिला, तशी चव येत नाही हो.”

तात्सुजीने दगडावर पाणी आणि घासायची पूड टाकली, आणि सहाव्या चित्राची उरलीसुरली रेघ जाईपर्यंत तो घासत राहिला. मग कसाबसा उचलून त्याने तो स्वतःच पिंपावर नेऊन ठेवला.

“राहू द्या तुमच्याकडेच,” तो म्हणाला. “दादाला आवडलेलं माझं एवढं एकच काम.”