गाडीचा मोकळा श्वास

"आज दुपारपर्यंत ही गाडी बाणासारखी सुटली नाही, तर नाव बदलून टाकीन!" असं जाहीर करून चष्मेवाला रविवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन खाली निघाला.

"नाव राहू द्या, आधी शर्ट बदला," बायको म्हणाली. "आणि माझ्या बाबांना जेवायला आणायचंय, लक्षात ठेवा!"

गाडी म्हणजे सासरेबुवांची. बुटकी, दोन दारांची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली. तिच्या वयाच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. सासरेबुवांनी ती जन्मभर जपली आणि एका संध्याकाळी अचानक किल्ली जावयाच्या हातात ठेवली. "डोळ्यांना झेपत नाही आता," एवढंच म्हणाले. आपल्या चष्म्यांच्या धंद्याला स्मरून चष्मेवाल्याने त्यांचे डोळे तपासले. ठणठणीत! तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी घडाघडा वाचली. पण किल्ली एव्हाना खिशात गेली होती, आणि खिशातली किल्ली काही बोलू देईना.

गाडी चढावर मात्र रडायची. साडू आपल्या नव्या गाडीतून शेजारून जाताना काच खाली करून विचारायचा, "ढकलायला येऊ का?" हे फार मनाला लागलं होतं.

मोबाईलवर एका दाढीवाल्याने उपाय सांगितला होता. इंजिनावरचा एअर फिल्टरचा पत्र्याचा डबा म्हणजे गाडीच्या नाकावर दाबलेली उशी! तो काढा, छोटा उघडा फिल्टर लावा, पुढच्या जाळीतून पाइप टाकून गार हवा थेट कार्बोरेटरपर्यंत न्या. मग बघा!

डबा निघाला. फिल्टर बसला. पाइप आखूड पडला, म्हणून घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची सोंड कापून जोडली. जाळीला भोक पाडायचं हत्यार मात्र त्याने दोनदा उचलून खाली ठेवलं. ही जाळी सासरेबुवा दात घासायच्या ब्रशने घासायचे. पण पोट उघडल्यावर डॉक्टरने पळून जायचं नसतं!

त्याने इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने अशी डरकाळी फोडली, की गॅलरीतली कबुतरं उडाली.

"अहो, पाण्याची मोटर बंद करा कुणीतरी!" खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या.

बायको खिडकीत आली. "गाडी आजारी आहे का?"

"मोकळा श्वास घेतेय!"

"मग घोरतेय कशाला?"

सगळं पूर्ववत करायला वेळ नव्हता. तो तसाच निघाला. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला. आवाज विमानाचा, वेग मुंगीचा! फर्निचर लादलेला एक टेम्पो आरामात पुढे निघून गेला. त्यातली उलटी ठेवलेली खुर्ची बराच वेळ त्याला पाय दाखवत राहिली.

सासरेबुवा फाटकाशी तयार उभे होते. चष्मेवाला जाळी झाकून उभा राहिला आणि त्याने त्यांना दाराकडे वळवलं. अलीकडे एका हाकेत त्यांना ऐकू जात नसे, तेवढीच काय ती आशा!

परतताना दुसऱ्या बाजूचा चढ लागला. सासरेबुवा एकदम ताठ बसले. मान कलती केली.

"हा कसला आवाज?"

"बाबा, चुकलं! डबा आजच परत बसवतो, जाळीसुद्धा नवी..."

"गियर बदल!"

"काय?"

"अरे, गियर मागतेय ती! रडवतोस कशाला? हो बाजूला!" लग्नापासून 'तुम्ही' म्हणणारे सासरेबुवा थेट 'तू'वर आले होते.

जागा बदलल्या. सासरेबुवांनी कान इंजिनाकडे लावला, योग्य क्षणी गियर टाकला, आणि तीच गाडी तोच चढ जिना चढल्यासारखी चढून गेली. म्हणजे एवढे दिवस गाडीचं नाक चोंदलंच नव्हतं! चोंदलं होतं ते चालवणाऱ्याचं डोकं. चष्मेवाल्याला हे कळलं, पण कबूल करायला जीभ रेटेना.

चढ संपल्यावर सासरेबुवांनी गाडी बाजूला घेतली.

"डोळ्यांना काही झालं नव्हतं रे. चौकात एकदा चालू इंजिनालाच परत स्टार्टर मारत बसलो. केवढी खरखर झाली असेल! मला काही ऐकू येईना, आणि लोक का हसतायत तेही कळेना. शेवटी एका बाईने हातवारे करून सांगितलं. मग म्हटलं, हिचं ओरडणं ज्याला ऐकू येत नाही, त्याने हिला चालवू नये."

"मग आम्हाला सांगायचं ना, बाबा!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागला असतात."

चष्मेवाल्याच्या मनात आलं: डोळे तपासून दिले होते, पण या माणसाला नीट पाहिलं कुणी होतं? तेवढ्यात सासरेबुवांनी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला आणि तो गडगडाट ऐकून लहान मुलासारखे हसले.

घरी त्यांना गाडी चालवत येताना पाहून बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. जेवण झालं, गप्पा झाल्या. निघताना सासरेबुवांनी टेबलावरची किल्ली उचलून सहज आपल्या खिशात टाकली. चष्मेवाल्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

गाडी सुरू झाली, कबुतरं उडाली. सासरेबुवांनी काच खाली केली आणि त्या गदारोळात ओरडून म्हणाले, "झकास काम केलंस! आता पुढच्या रविवारी ब्रेककडेही बघ. लागले की नाही ते ऐकूच येत नाही!"