सातवी अट

ठवकरकाका कुठलीही वस्तू न सांगता उचलत नाहीत. रोज सकाळी ते माझ्या दुकानात पेपर वाचायला येतात. पेपर काउंटरवर माझ्या हाताजवळच पडलेला असतो आणि मी समोर बसलेला असतो. तरी काका दोन पावलं मागे उभे राहतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "पेपर उचलून राहिलो. मालक असन तर समोर यावं." मी काच पुसत राहतो. ते दुसऱ्यांदा म्हणतात, तिसऱ्यांदा म्हणतात. मग पेपर उचलतात, तोही दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन. ओढून नेऊ नये अशीही एक अट आहे.

माझं चष्म्याचं दुकान इतवारीत, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत. काका वरच्या मजल्यावर राहतात, एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. काका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. नो पार्किंगमधल्या गाड्या उचलून नेणाऱ्या ठेकेदारांनी कसं वागावं, याच्या सरकारी अटी त्यांच्या टेबलावरून गेल्या. ट्रकमध्ये पोलीस बसलेला असावा, गाडी उचलली त्या जागी खडूने नंबर लिहावा, हँडलला दोर बांधून फरफटवू नये, अशा एकूण एकवीस. लोकांना स्तोत्रं पाठ असतात, काकांना या अटी पाठ आहेत.

त्यातही जीव सातव्या अटीत. "वाहन उचलण्यापूर्वी त्याचा क्रमांक मोठ्याने तीन वेळा पुकारावा व मालक आल्यास वाहन जागीच सोडावे." ही अट सरकारने केलेली नाही, काकांनी केली आहे. झालं असं की, साहेबांनी हाताने लिहिलेल्या मसुद्यात सहानंतर एकदम आठ आकडा पडला होता. टाइप होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. आकडे सुधारायचे तर 'अट अकरा पहा', 'अट चौदाप्रमाणे' असे सगळे हवालेही सुधारावे लागले असते, आणि फाइल त्याच संध्याकाळी मुंबईला जायची होती. साहेब म्हणाले, "ठवकर, सातात काहीतरी घाला." ठवकरांनी घातलं. साहेबांनी न वाचता सही केली, मुंबईने न वाचता मंजुरी दिली.

निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लीत ट्रक शिरला की काका गॅलरीत येतात आणि कठड्यावर बोटं मोजत उभे राहतात. पोलीस भोंग्यातून नंबर पुकारतो. दोनदा पुकारून थांबला, तर वरून आवाज येतो, "दोन झाले जी. एक बाकी आहे." पोलीस बिचारा उन्हात उभा राहून तिसरा पुकारतो. तेवढ्या वेळात कोणी ना कोणी धावत येतं आणि गाडी वाचते. कधी माझंच गिऱ्हाईक असतं. डोळे तपासायची लोखंडी चौकट नाकावर तशीच ठेवून ते पळत सुटतं, आणि चौकट परत यावी म्हणून मी त्याच्या मागे पळतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण काका ही अट घरी-दारी, लग्ना-कार्यात सगळीकडे लावतात. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांना बसायला खुर्ची हवी होती. शंभर खुर्च्या रिकाम्या होत्या. काका मांडवाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "खुर्ची उचलून राहिलो. मालक असन तर समोर यावं." मंगलाष्टकांआधीची शांतता होती. सगळा मांडव वळून पाहू लागला. दुसरी हाक झाली तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "हे तुमच्याकडचे का?" मी म्हणालो, "नाही हो, मुलाकडचे असतील." तिसऱ्या हाकेला मी आइस्क्रीमच्या टेबलाकडे निघून गेलो होतो.

मागच्या वर्षी सरकारने नवीन अटींचा मसुदा काढला आणि लोकांच्या हरकती मागवल्या. काका तो मसुदा घेऊन दुकानात आले. त्या दिवशी त्यांनी पेपर उचललाच नाही.

"सातवी वाच," ते म्हणाले.

मी वाचली. वाहन उचलल्यानंतर मालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवावा, असं होतं. पुकारायचं काम काढून टाकलं होतं.

"चांगलं आहे की काका. घरबसल्या कळते माणसाले."

"उचलल्यावर कळून काय करते गा? गाडीवर काय ठेवलं असन, कोण असन तो माणूस, त्याच्यापाशी मोबाइल आहे का नाही. उचलल्यावर." हा शब्द ते तीनदा बोलले. मग म्हणाले, "सुनावणी आहे. तू येशील काय संगं?"

काकांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी दुकान बंद ठेवून गेलो. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत पंधरा-वीस माणसं बसली होती, पुढच्या रांगेत ठेकेदार कंपनीचा माणूस. काकांनी हाताने लिहिलेली चार पानी हरकत आणली होती आणि खास प्रसंगांचा पांढरा सदरा घातला होता. अधिकारी बाई तरुण होत्या आणि सभ्यही. त्यांनी चारही पानं खरोखर वाचली.

"ठवकर साहेब, एकदा पुकारून चालणार नाही का? तीनदा कशासाठी?"

काका उभे राहिले. मला वाटलं, आता एकवीस अटी धडाधड निघतील. काकांनी फाइल उघडली, बंद केली आणि म्हणाले, "अटीत आहे."

"पण ती अट तुम्हीच घातली होती, असं तुम्हीच लिहिलंय. मग तीनच का?"

काकांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाईंना नमस्कार केला आणि खाली बसले. कंपनीच्या माणसाने पुढचा मुद्दा काढला.

मला राग आला होता. बाहेर टपरीवर चहा सांगितला आणि मी बोललोच. "काका, माझ्या काउंटरवरच्या पेपरले तुम्ही तीनदा पुकारता. अन् जिथं बोलाचं, तिथं काहून बसले?"

काकांनी चहाचा कप हातात घेतला.

"माहा बाप उमरेडहून यायचा," ते म्हणाले. "लुगडी विणायचा. एसटीच्या टपावर सायकल टाकायचा, इथं उतरून कॅरिअरवर गठ्ठा बांधायचा अन् इतवारीत दुकानादुकानानं फिरायचा. मी तवा नवीनच लागलो होतो नोकरीले. एक दिवस हापिसातल्या तिघांसंगं आपल्याच गल्लीच्या तोंडाशी चहा पिऊन राहिलो होतो. बाप दुकानात गेला होता, सायकल बाहेर. तेवढ्यात अतिक्रमण हटवायची गाडी आली. उचलली सायकल गठ्ठ्यासकट अन् टाकली वर. मी पाहून राहिलो होतो."

"मग?"

"मले फक्त आवाज द्यायचा होता. पण आवाज दिला असता, तर संगंच्यांनी विचारलं असतं, कोण होय हा धोतरवाला. मी कप तोंडाले लावून उभा राहिलो." काकांनी हातातला कप खाली ठेवला. "बाप धावला मागं. थांबा गा, म्हणे. तीनदा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला तवा त्यानं मले पाहिलं."

मी विचारलं, "काही बोलले का?"

"संध्याकाळी खोलीवर आला. जेवला. म्हणे, तू ड्युटीवर होता ना बाबू, म्हणून तुले दिसलं नसन."

मी चहाचे पैसे दिले. मला भाचीच्या लग्नातली ती खुर्ची आठवत होती आणि माझी मलाच लाज वाटत होती.

दोन महिन्यांनी पक्क्या अटी आल्या. बाईंनी काहीतरी केलं असावं, कारण सातव्या अटीत संदेशाच्या आधी 'क्रमांक एकदा पुकारावा' एवढं आलं होतं. काकांनी तीन-चारदा वाचून पाहिलं. "तिनातला एक तरी वाचला," ते म्हणाले. मग माझ्या काउंटरवरचा पेपर त्यांनी नेहमीसारखा तीनदा पुकारून उचलला.

ट्रक आता नव्या अटींप्रमाणे येऊ लागला. पोलीस नियमाप्रमाणे एकदा पुकारायचा, आणि उरलेले दोन काका गॅलरीतून द्यायचे. भोंगा नसल्यामुळे त्यांचा आवाज चिरकायचा. पोलिसाला थांबायचं काही बंधन नव्हतं, पण तो खडूने नंबर लिहायला जरा जास्त वेळ लावायचा.

गेल्या आठवड्यात काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडून राहायचं, जोर लावायचा नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. मीही बजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमारास ट्रक गल्लीत शिरला. माझ्याकडे एक बाई आणि त्यांचे यजमान फ्रेम पाहत बसले होते, दोघंही चांगले कपडे घातलेले, नवीन गिऱ्हाईक. पोलिसाने एका करड्या स्कूटरचा नंबर पुकारला. मग सवयीने त्याने वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती. माणसांनी स्कूटरखाली हात घातले.

मी उठलो. गल्लीत आलो आणि त्या स्कूटरचा नंबर पुकारला. पहिल्यांदा आवाज चिरकला. समोरचा भांडीवाला माझ्याकडे बघायला लागला. दुसऱ्यांदा मी असा ओरडलो की भांडीवाल्याच्या आतल्या खोलीतून एक म्हातारे गृहस्थ नवंकोरं पातेलं छातीशी धरून धावत बाहेर आले. पोलिसाने हात केला. स्कूटर खाली ठेवली गेली.

वरून, बंद खिडकीमागून, बारीक आवाज आला, "झाले तीन."

मी दुकानात परत आलो. बाई हातात फ्रेम धरून छताकडे बघत होत्या. यजमानांनी विचारलं, "वर कोण आहे हो? तुमच्याकडचे का?"

"हो," मी म्हणालो. "आमचेच आहेत."