अनसाबाईंचा ब्रेक

अनसाबाईंचं मला झालेलं पहिलं दर्शन म्हणजे दोन पावलं. चामोर्शीच्या शाळेत मी नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि गावच्या मालकांच्या घरी एक खोली मिळेल असं कळल्यामुळे सायकलला ट्रंक बांधून तिथे पोचलो होतो. अंगणात गवताच्या छपराखाली एक काळी विलायती मोटार उभी होती. तिच्या पोटाखालून लुगड्याचा काठ, जोडवी आणि दोन पावलं बाहेर आली होती. मी चांगलाच दचकलो. तेवढ्यात खालून आवाज आला, "कोन हाये? नवे मास्तर का? सायकलले ब्रेक हाये का?"

"आहे," मी म्हणालो.

"पुढचा का मांगचा?"

सायकल मी सेकंडहँड घेतली होती. तिला काय काय आहे हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. बाई सरपटत बाहेर आल्या. पन्नाशी उलटलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकाच्या शेंड्यावर काळं तेल आणि हातात पाना. नाव नाही, गाव नाही, भाड्याची बोलणी नाहीत. त्यांनी आधी माझी सायकल पुढे ढकलून ब्रेक दाबून पाहिला. "मांगचा लागते. राहा मंग," असं म्हणून त्या पुन्हा गाडीखाली गेल्या.

बाईंचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं. "चालाचं काय, मास्तर, गाढव बी चालते. पयले थांबता आलं पायजे." हे वाक्य त्या कुठेही लावत. भाजीत मीठ घालणाऱ्या गावातल्या सुनांना, वाढपी मंडळींना, नदीच्या पुराला आणि हरदासबुवांनाही. एकदा नात्यातल्या मुलीसाठी आलेला मुलगा गुळपाण्यापासून पानसुपारीपर्यंत अखंड बोलत होता. बाईंनी त्याची शेती विचारली नाही की शिक्षण विचारलं नाही. "पोराले ब्रेक नाई," एवढाच निकाल देऊन त्या उठल्या. पुढे तो मुलगा राजकारणात गेला, तेव्हा बाईंचा अंदाज अगदीच चुकला होता असं म्हणवत नाही.

त्यांचे यजमान म्हणजे एके काळचे मालगुजार, गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी गाव त्यांना मालकच म्हणे. ही मोटार त्यांनी लढाईच्या आधी हौसेने आणली होती. जंगलच्या रस्त्यांनी ती त्यांनी स्वतः हाकली, पार सिरोंचाकडे जाऊन आले. मग मालगुजारी गेली, पेट्रोल परवडेनासं झालं आणि पाठोपाठ मालकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. माणूस खाटेवर आणि मोटार छपराखाली, अशी दोघं एकाच अंगणात येऊन थांबली.

मात्र थांबलेल्या गाडीचा ब्रेक दर आठवड्याला, नेमका बाजारच्या दिवशी, खराब होई. जी गाडी तसूभर हलत नाही तिचा ब्रेक बिघडतो कसा, हे मला कळेना. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "उभ्या गाडीचाच बिघडते, मास्तर. चालत्या गाडीले बिघडाले फुरसत कुठी?"

ब्रेकचं तेल संपलं की मोठीच पंचाईत होई. ते जिल्ह्याच्या गावाहून, चांद्याहून यायचं, तेही आलं तर. मग बाईंनी स्वतःची तोड काढली. एरंडीचं तेल आणि मोहाची पहिल्या धारेची दारू, एकत्र करून. जंगलाकडचा एक गोंड म्हातारा बाजारच्या दिवशी उजळ माथ्याने बाटली घेऊन मालकांच्या दारात येई. गावाला वाटलं, एवढ्या सोवळ्याच्या घरात पितंय कोण? मालक खाटेवर, बाईंकडे बोट दाखवायची कुणाची छाती नाही, म्हणजे राहिलो मी. हेडमास्तरांनी मला जवळ बोलावून उगाचच पाढे म्हणायला लावले आणि नाक पुढे केलं. शेवटी बाईच शाळेत आल्या. "मास्तर नाई पेत, गाडी पेते," असं त्यांनी सगळ्या वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माझी अब्रू वाचली, पण पोरं पुढे वर्षभर माझ्याकडे बघून हसत होती.

दुरुस्तीचा सोहळा मात्र पाहण्यासारखा असे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पायाखाली फसफसतं आणि ही हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक गाडीखाली नटाशी. बाई आणि घरचा गडी मिळून मालकांना उचलून स्टिअरिंगपुढे बसवत. मालकांच्या डोक्यावर टोपी, अंगात कोट. मग बाई खाली शिरत आणि हुकूम सुटत.

"दाबा!"

मालक डाव्या हाताने उजवा गुडघा ढकलत. घाम फुटे, ओठ वाकडा होई, पण पाय पेडलवर जाई. "दाबलं!"

"धरा!" नट उघडे, हवेचे बुडबुडे फुटत, नट बंद होई. "सोडा!"

बाजाराला जाणारे लोक कुंपणाशी थांबत. "मालक, ब्रेक का म्हनते?" "खराब झाला न बाबू," मालक अडखळत सांगत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कामात गुंतलेल्या माणसाची ऐट असे. मी दोनतीनदा म्हणालो, की पेडल मी दाबतो, मालकांना कशाला त्रास? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तरीही माझ्या परोपकाराला एकदा भरती आलीच. चांद्याला माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता, रहमान. या ब्रेकचा कायमचा निकाल लावावा म्हणून बाईंना न विचारता मी त्याला घेऊन आलो. मालक गाडीत बसलेलेच होते. मिस्त्री खाली गेला, चारही चाकं तपासून बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, ब्रेक एकदम अव्वल हाये. कोनीतरी हातानं नट ढिला करून तेल सोडते."

मागे बाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"मीच सोडतो, मिस्त्रीभाऊ," त्या हळूच म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "डॉक्टर म्हने, पाय हालवत राह्यला तं राहील, नाई तं गेला. मी म्हटलं हालवा, तं म्हने, मी का लेकरू हावो? भिंतीकडे तोंड करून पडले. जेवन सोडलं. एका दिवशी खरंच ब्रेक गेला, तं स्वतःहून म्हने, मले गाडीत बसव. त्या दिवशी मांगून भात खाल्ला त्याइनं. आता सांगा, हा ब्रेक चांगला होऊन कसं चालंल?"

मिस्त्रीने चहा एका घोटात संपवला, हात पुसले आणि तो तडक मालकांच्या खिडकीशी गेला. एका शब्दात आता सगळं विस्कटणार, म्हणून मी त्याच्यामागे धावलो. मिस्त्री मोठ्याने म्हणाला, "मालक, हे काम आपल्या बसचं नाई. लई गाड्या पाह्यल्या, पन हिची नस तुमालेच समजते."

मालकांचा चेहरा फुलला. "मंग? मी म्हटलं नव्हतं का? अनसे, चाल, शिर खाली!"

त्या दिवशी बाईंसमोर मी मनातल्या मनात हात जोडले. बायका नवऱ्यासाठी उपास करतात, नवस बोलतात. या बाईने चिखलात उताणं पडून, केसांत तेलाचे थेंब झेलत, एका माणसाला त्याचं मालकपण दर आठवड्याला परत दिलं होतं.

पुढे दोनेक वर्षांनी, धानाच्या कापणीत मालक गेले, झोपेतच. आदल्याच दिवशी बाजार होता आणि ब्रेक दुरुस्त झाला होता. तिसऱ्या दिवशी अस्थी वैनगंगेकाठी मार्कंड्याला न्यायच्या म्हणून पुतण्याने बैलगाडी जुंपली. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मालक मोटारनं जातीन."

बाईंच्या निरोपावरून मिस्त्री चांद्याहून पेट्रोलचा डबा घेऊन आला. हँडल मारून मारून त्याने इंजिन जागं केलं. बाई स्टिअरिंगवर बसल्या. मालकांनी त्यांना कधीकाळी जंगलच्या रस्त्यावर मोटार शिकवली होती, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बायामाणसांनी तोंडाला पदर लावले. मी बाईंशेजारी बसलो, मागे पुतण्या मांडीवर मडकं घेऊन. सांगायला लाज कशाची, मी रामनाम म्हणत होतो.

वैनगंगेच्या काठाशी उतार लागला आणि गाडी आपल्या वजनानेच वेग घेऊ लागली. समोर नुसतं पाणी. "बाई, ब्रेक!" मी ओरडलो. बाईंनी पाय दाबला आणि इतकी जुनी गाडी पाण्याच्या अलीकडे शहाण्या बैलासारखी उभी राहिली.

"त्याइचं दाबनं हाये यात, मास्तर," बाई म्हणाल्या. "आता तो नट मी उघडत नाई."

पुतण्या मडकं घेऊन उतरला. मी उतरलो, चाकांपुढे दगड लावले. बाई उतरेनात. नदीकडे बघत, पेडलवर पाय गच्च दाबून त्या तशाच बसल्या होत्या. पुतण्याने दोनदा काकी म्हणून हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. मग मला एकदम उमगलं, त्या कशाची वाट बघत होत्या. मी खिडकीशी वाकलो.

"सोडा, बाई," मी म्हणालो.

त्यांनी पाय सोडला, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून, मालक गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या रडल्या.