गुंड्याचं अंडं

गुंड्याचे केस गळायला लागले, तेव्हा श्रीरंगरावांचे आधीच गळून झाले होते. त्यामुळं कुत्र्याचं दुःख घरात त्यांनाच सगळ्यांत जास्त कळलं. त्यांनी त्याला मोतीराम डॉक्टरांकडे नेलं.

"खायला काय घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही खातो तेच. वरणभात, वर तुपाची धार. चतुर्थीला चंद्रोदयानंतर."

"कुत्र्याला चतुर्थी?"

"लहानपणापासून आमच्या पंगतीला बसतो हो. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंड लावत नाही."

डॉक्टरांनी गुंड्याची पाठ चाचपून पाहिली. "साहेब, वरणभातावर कुत्रं जगतंय, पण अंगाला काय लागत नाय त्याच्या. जीवनसत्त्वं पायजेत, कॅल्शियम पायजे, झिंक पायजे. पावडर देतो, पण नुसत्या पावडरीनं भागायचं नाय. रोज एक उकडलेलं अंडं घाला."

श्रीरंगरावांनी पावडर तेवढी खिशात घातली. त्यांच्या मुलीचं, सावनीचं, लग्न जुन्या शहरातल्या गुलमंडीतल्या आप्पासाहेबांच्या मुलाशी ठरत आलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, पत्रिका जुळली होती. आप्पासाहेबांनी हुंडा नको, मानपान नको म्हटलं होतं. फक्त एकच विचारलं होतं, "घर कडक शाकाहारी आहे ना?"

सरोजिनीबाईंनी तर नवऱ्याला बोलूच दिलं नाही. "अंडं उंबऱ्याच्या आत आलं की ओटा धुवा, भांडी धुवा, फरशी धुवा. नळ येणार आठ दिवसांनी. तेवढं पाणी आणा आधी, मग खुशाल अंडं आणा."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शहर वाढत वाढत चिकलठाण्याच्या पुढं गेलं होतं आणि पाणी होतं तिथंच आटत होतं. त्या वर्षीच्या दुष्काळात टँकरच्या पाण्यात आधी भाजी धुवायची, त्यातच फरशी पुसायची आणि उरलेलं झाडांना घालायचं, असं चाललेलं. बाटण्याबिटण्याची चैन कुणाला परवडणार?

म्हणून श्रीरंगराव संध्याकाळी गुंड्याला फिरवायला म्हणून मुकुंदवाडी स्टेशनपाशी फकिराच्या अंड्याच्या गाड्यावर नेऊ लागले. पहिल्या दिवशी फकिरानं अंडं सोलून पुढं केलं. गुंड्यानं वास घेतला, मालकाकडं पाहिलं आणि मान फिरवली.

"अरे खा बाबा, औषध आहे," श्रीरंगराव काकुळतीला आले. गुंड्या ढिम्म.

आता पानात टाकायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात नियम. त्यात बाहेर माणसं दुष्काळानं हैराण. श्रीरंगरावांनी डोळे मिटले, देवाची क्षमा मागितली आणि अंडं स्वतःच गिळलं. दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं, फक्त डोळे उघडे होते. पुढं पुढं फकिरा कुत्र्याला विचारीनासाच झाला. मीठ-मिरपूड भुरभुरून तो सरळ साहेबांच्या हातात ठेवायचा.

गुंड्या दिवसेंदिवस उघडा पडत चालला आणि श्रीरंगरावांच्या गालांवर मात्र लाली आली.

"तुम्हाला मानवतंय हो फिरणं," सरोजिनीबाई म्हणाल्या. श्रीरंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हायचं तेच झालं. शेजारच्या सत्यभामाबाईंनी त्यांना गाड्यावर पाहिलं, आणि त्यांचं माहेर नेमकं गुलमंडीतलं. दोनच दिवसांत आप्पासाहेब दारात उभे राहिले. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अंड्याच्या गाड्यावर उभे असता म्हणे?"

"कुत्र्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग चला. कुत्रा खाताना मला बघू द्या."

सावनी आतल्या दारात उभी होती. ती नुसती वडिलांकडं बघत राहिली. ते बघणं श्रीरंगरावांना सोसवेना. दोघे पुरुष आणि एक कुत्रा स्टेशनकडं निघाले. आयुष्यात कधी नव्हे तो श्रीरंगरावांनी वाटेत कुत्र्याला नमस्कार केला.

फकिरानं साहेबांना लांबूनच ओळखलं. गाड्यापाशी पोचेपर्यंत सोललेलं, मिरपूड लावलेलं अंडं श्रीरंगरावांच्या हातात होतं.

"मला कशाला? कुत्र्याला दे," श्रीरंगराव अंडं परत देत म्हणाले.

अंडं गुंड्यापुढं आलं. गुंड्यानं वास घेतला आणि मान फिरवली.

"ते नाय खात, साहेब," फकिरा आपला मदतीला धावला. "पयल्या दिवसापासून कधी खाल्लंय त्यानं? तुमीच तर खाता."

संपलं. श्रीरंगरावांना सावनीचा चेहरा दिसला, परत पाठवलेली पत्रिका दिसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पावसाअभावी धरणीला भेगा होत्या, पण त्यात माणूस मावला नसता.

आप्पासाहेबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "गुलमंडीत मला पोरंसोरंसुद्धा ओळखतात. इथं कुणी ओळखतं का हो?"

"न... नाही."

"मग वाया कशाला घालवायचं," असं म्हणून आप्पासाहेबांनी फकिराच्या हातातलं अंडं उचललं, अर्धं तोंडात टाकलं आणि डोळे मिटून घेतले. "मिरपूड जरा सढळ टाकत जा रे."

दोघे घरी परतले तेव्हा सरोजिनीबाई आणि सावनी दारातच उभ्या होत्या. आप्पासाहेब खुर्चीत बसले, पाणी मागून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, साखरपुड्याची तारीख काढा. बाकी कुत्रं फार अशक्त आहे. एका अंड्यानं त्याचं भागायचं नाही, दोन लागतील. मी रोज संध्याकाळी येत जाईन."

गुंड्या देवघरापाशी जाऊन नैवेद्याची वाट बघत बसला. फरशीवर त्याच्या मागं केसांची रेघ पडली होती.