लाल हेल्मेटातला जवाई

"घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत कुठंबी माझा पाय जमिनीले टेकला, तं त्याच मिनिटाले अध्यक्षपद सोडतो! शिटी दीपामॅडमच्या गळ्यात!"

खेमसिंगभाऊ राठोडांनी मांडीवर थाप मारून ही घोषणा केली आणि महागावच्या सायकल क्लबात एकच जल्लोष झाला. भाऊंचं बसस्टँडजवळ सायकलच्या पार्टांचं दुकान. वय पन्नाशीच्या पलीकडे, पोट थोडं पुढं, आणि उत्साह पोटाच्याही पुढं! क्लब त्यांनीच काढला, अध्यक्षही तेच झाले, आणि अध्यक्षाची खूण म्हणजे लाल हेल्मेट न् गळ्यात शिटी, हेही त्यांनीच ठरवलं. शिटीवर एवढा जीव की आंघोळीलासुद्धा काढत नसत! पण शाळेतल्या दीपामॅडम हल्ली प्रत्येक चढावर त्यांच्या आधी पोचून वर आरामात पाणी पीत उभ्या असायच्या. लोक आधी शिटीकडे बघत, मग मॅडमकडे बघत. ते भाऊंना झोंबलं होतं.

बेत मात्र झकास होता. होळीला जोडून सुट्ट्या, डोंगरात पळस फुललेला, मोहाचा वास सुटलेला! घाट चढायचा आणि वरच्या धर्मशाळेत दोन मुक्काम ठोकायचे. भाऊ तर आनंदानं झोपेतही पायडल मारत होते.

घरी रुपीबाईंनी विचारलं, "धुळवडीलेच निघून राह्यले? घाटाच्या पायथ्याले माह्या माहेरचा तांडा हाय, ध्यानात हाय न?"

भाऊंचा चहा बशीतून मांडीवर आला. अरे देवा! तांड्यावरची होळी म्हणजे काय साधं प्रकरण आहे? त्या दिवशी बायका हातात काठ्या घेऊन, होळीची लेंगी गाणी गात रस्ता अडवतात. पुरुष दिसला की आधी काठ्यांचा प्रसाद, मग पोटभर जेवण. आणि जवाई सापडला तर विचारूच नका! लग्नानंतरच्या पहिल्या होळीचा प्रसाद भाऊंच्या पाठीला अजून पाठ होता. तेव्हापासून दर होळीला त्यांना ऐनवेळी ताप यायचा.

"यंदा ताप नाही आला वाटते," रुपीबाई म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी आईला फोन लावला. भाऊंनी दाराला कान लावला.

"याडी, जवाई येऊन राह्यले! तोंडाले फडकं बांधून येतीन, पण लाल हेल्मेट म्हंजे आपलेच. सोडू नका!"

आता काय करावं? थांबलं की पाय टेकणार, पाय टेकला की शिटी जाणार! भाऊंनी रात्रभर डोकं चालवलं. सासूबाईंचा फोन यायला नको म्हणून स्वतःचा फोन कपाटात ठेवून दिला. आणि सकाळी निघताना मेडिकलवाल्या संघदीपला बाजूला घेतलं. संघदीप क्लबात सगळ्यात नवा, काडीसारखा बारीक आणि भाऊंचा परमभक्त.

"संघदीप, आज माझं हेल्मेट तू घाल. अध्यक्षाचा मान! तुझं निळं मले दे. आन् तोंडाले फडकं बांध, धूळ लई हाय."

"मी? लाल हेल्मेट? खरंच भाऊ?" संघदीपचे डोळे पाण्यानं भरले. भाऊंनी दुसरीकडे बघितलं.

तांडा आला. डफ कडकडत होता, रंग उडत होता, आणि रस्त्यावर ही एवढी बायकांची भिंत! प्रत्येकीच्या हातात काठी. सगळ्यांत पुढं होती नुकतीच लग्न होऊन आलेली अंजू. तिनं जवाई कधी पाहिलाच नव्हता.

"लाल टोपी! जवाई आला! धरा!"

भिंत फुटली आणि सगळीच्या सगळी संघदीपवर कोसळली! "अवो, मी नाही जवाई! माझं तं लगन बी नाही झालं!"

"सारेच जवाई असंच म्हणतेत!"

संघदीपला सोडवायला क्लबनं ब्रेक मारले. निळं हेल्मेट मात्र रस्त्याच्या कडेनं सुमडीत निसटलं. बाजेवर बसलेल्या एका म्हातारीनं तेवढं वळून बघितलं. भाऊंनी मान खाली घातली आणि घाट धरला.

आणि चढले हो! जीभ बाहेर आली, मांड्या थरथरल्या, एका वळणावर तर बाजूनं चालणारी बकरीही पुढं गेली. पण पाय टेकला नाही! माथ्यावर पोचताच भाऊंनी आनंदानं आरोळी ठोकली आणि शिटी फुंकली. फुर्रर्र!

ऐकायला होतं कोण? झाडावर एक वानर. त्यानं पाठ खाजवली.

भाऊ वाट बघत बसले. कोणी येईना. डबे सगळे मागच्यांकडे. खालून डफाचा आवाज यायचा आणि मटणाचा वास! शेवटी पोटानं निर्णय घेतला आणि सायकल उताराला लागली.

तांड्यावर बघतात तर काय! संघदीप बाजेवर मांडी घालून बसलेला, डोक्याला नवा फेटा, पुढ्यात मटण आणि गोडपुऱ्या. दीपामॅडम बायकांबरोबर फेर धरून नाचत होत्या. भाऊ धावतच आत शिरले, तर अंजूची काठी आडवी!

"कोण तुमी?"

"मी जवाई!"

"जवाई तं जेवून राह्यले. एका घरी किती जवाई रायतेत?"

तेवढ्यात ती बाजेवरची म्हातारी उठून आली. भाऊंच्या सासूबाई, धनीबाई!

"याडी, मी खेमसिंग! ओळखा न!"

धनीबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आमचा जवाई? त्याले तं होळीले ताप येते."

अख्खा तांडा हसला.

"पोरीहो," धनीबाई म्हणाल्या, "त्या पोरानं याचा मार खाल्ला, म्हून याचं जेवण बी खाल्लं. हिशेब बरोबर झाला. पण याच्या मागच्या साऱ्या होळ्या बाकी हायेत!"

पुढचं सांगण्यासारखं नाही. भाऊ असे नाचले की डफवाल्याला ताल धरता येईना! मग धनीबाईंनीच त्यांना जवळ घेऊन पुरीचा घास भरवला. "दरसाल येत जा न बापू. किती वाट पाहायची?" भाऊंनी डोळे पुसले, आणि पुरी काही तिखट नव्हती.

तरीही सवय जाईना. "मॅडम, घाट मी पाय न टेकवता चढलो बरं का!"

"पाह्यलं कोणं?"

"वानरानं!"

"आमी तं अध्यक्षाचं लाल हेल्मेट दुपारपासून इथंच नाचतानी पाह्यलं," दीपामॅडम म्हणाल्या, "दोन्ही पाय टेकवून!"

भाऊंनी शिटी काढून मॅडमच्या गळ्यात घातली. फुर्रर्र झालं आणि क्लब मॅडमच्या मागं घाटाला लागला. माजी अध्यक्ष ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्यानं वर गेले, दोन्ही मुक्काम पालथे झोपले आणि उभ्यानंच परत आले.

घरी रुपीबाईंनी हसू दाबत खुर्ची पुढं केली. "बसा न. काय झालं मंग, टेकला का पाय?"

"पाय टेकला वो," भाऊ भिंतीला धरून म्हणाले. "बाकीचंच काही टेकवता येऊन नाही राह्यलं!"