चांदीचे काळे डाग

‘आता जंतूंची काही खैर नाही,’ असं जाहीर करतच ती प्रयोगशाळेतून घरी आली. तिने बनवलेल्या चांदीच्या नव्या संयुगाने काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंचा फडशा पाडला होता, शिवाय कर्करोगाच्या पेशींची वाढही रोखली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हे सगळं पीएच.डी.च्या परीक्षकांपुढे मांडायचं होतं. आनंदाच्या भरात तिने कपाळावरची बट मागे सारली, नवऱ्याचा गाल कुरवाळला आणि सासूबाईंची हनुवटीसुद्धा धरली. त्या दचकल्याच.

सकाळी ती गॅलरीत उन्हात उभी राहून भाषणाची तयारी करत होती. चहाला आत आली, आरशात पाहिलं, तर कपाळावर काळा डाग! साबण लावला, घासघास घासलं. जाईना. कर्करोगावरचं इतकं वाचून झालेलं, की काळा डाग म्हटल्यावर तिला एकच गोष्ट सुचली. कुणाला सांगावं, या विचारात असतानाच सासूबाई बागेतून आल्या. त्यांची हनुवटी काळी. मागोमाग फिरून आलेला नवरा, गालावर काळे पट्टे घेऊन.

म्हणजे साथ! आणि ती आणली आपणच, प्रयोगशाळेतून. तिने सगळ्यांना एकमेकांपासून लांब बसवलं आणि त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी स्पिरिटने पुसून पाहिलं, भिंग लावलं, तिची काळवंडलेली बोटंही पाहिली, आणि शांतपणे विचारलं, “तुम्ही काम काय करता?”

“चांदीच्या संयुगांवर संशोधन,” ती म्हणाली, आणि वाक्य संपता संपता तिचे कान तापले.

“हातमोजे?”

“घालते. काल एक फाटला होता.”

चांदीचे क्षार कातडीला लागले की उजेडात काळे पडतात, हे ती स्वतःच कॉलेजातल्या मुलांना शिकवायची. डाग आपोआप जातील, पण कातडीच्या सवडीने, असं डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे मरत नाही ना आपण?” सासूबाईंनी खात्री करून घेतली. “मग चल, तुला उशीर होतोय.”

परीक्षकांनी कामाचं कौतुक केलं. फक्त तिच्या कपाळाकडे बघत विचारलं, की माणसांना देण्याआधी अजून चाचण्या करणार आहात ना?

खरी पंचाईत झाली नवऱ्याची. त्याच्या गालावर बोटं अगदी सुबक उमटली होती. बायकोने लाडाने हात फिरवला, असं तो ऑफिसात जीव तोडून सांगत राहिला. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. साहेबांनी तर त्याला केबिनमध्ये बोलावून, दार लावून घेतलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, “घरी परत असं काही झालं, तर सरळ माझ्याकडे राहायला ये.”